भरतीच्या तक्त्यावर आखलेली अकेडियाची सहल

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यालगत माउंट डेझर्ट नावाचे बेट आहे. 1604 साली फ्रेंच दर्यावर्दी साम्युएल द शाँप्लँ इथून गेला, तेव्हा त्याला समुद्रातून वर आलेले बोडके डोंगरमाथे दिसले आणि त्यावरून त्याने बेटाला हे नाव दिले. वाबानाकी लोकांची वस्ती इथे त्याच्या हजारो वर्षे आधीपासून होती. याच बेटाचा मोठा भाग, समोरच्या मुख्य भूमीवरचे स्कूडिक हे भूशिर आणि दूरवरच्या आइल ओ हो बेटाचा काही भाग मिळून अकेडिया राष्ट्रीय उद्यान झाले आहे. 1916 मध्ये त्याला राष्ट्रीय स्मारकाचा दर्जा मिळाला, 1919 मध्ये ते लाफाएत राष्ट्रीय उद्यान झाले आणि 1929 मध्ये त्याला आजचे नाव मिळाले. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडचे हे पहिले राष्ट्रीय उद्यान. त्याची बरीचशी जमीन सरकारने विकत घेतलेली नाही, खासगी मालकांनी ती दान दिलेली आहे. म्हणून उद्यानाची हद्द गावांच्या आणि बंगल्यांच्या मधून वेडीवाकडी फिरते. बार हार्बरसारखे गजबजलेले गाव आणि निर्मनुष्य जंगल यांच्यात दहा मिनिटांचे अंतर उरते.

दोघांनी उन्हाळ्यात तंबू घेऊन जायला हे उद्यान सोयीचे आहे. अंतरे लहान आहेत, एकाच दिवसात डोंगर, तळे आणि समुद्र होतो आणि बॉस्टनहून मोटारीने साधारण पाच तासांत पोहोचता येते. बॉस्टन आणि न्यू जर्सीच्या परिसरातल्या मराठी कुटुंबांना लांबच्या शनिवार-रविवारला जोडून ते जमण्यासारखे आहे. मात्र दरवर्षी सुमारे चाळीस लाख भेटी इथे नोंदल्या जातात आणि त्यांतल्या बहुतेक जून ते ऑक्टोबरमधल्या. त्यामुळे नियोजनाची सुरुवात नकाशापासून न करता आरक्षणापासून करावी लागते.

उद्यानात मोटारीने जाण्याजोगी तीन कॅम्पग्राउंड आहेत. ब्लॅकवुड्स बार हार्बरपासून पाच मैलांवर बेटाच्या पूर्व बाजूला आहे. सीवॉल पश्चिम बाजूला आहे, ते अधिक शांत आहे. स्कूडिक वुड्स मुख्य भूमीवर, बाकी उद्यानापासून रस्त्याने तासाभराहून अधिक दूर. चौथे ठिकाण म्हणजे आइल ओ हो बेटावरचे डक हार्बर. तिथे फक्त पाच निवारे आहेत आणि जायला टपालाची बोट. याखेरीज उद्यानात कुठेही तंबू ठोकायला परवानगी नाही. जंगलात आत जाऊन मनाजोगती जागा शोधू, असा बेत इथे चालत नाही. तिन्ही कॅम्पग्राउंडचे आरक्षण सरकारी संकेतस्थळावर कित्येक महिने आधी उघडते. जुलै-ऑगस्टच्या शनिवारच्या जागा हातोहात जातात आणि दारात जाऊन उभे राहिल्यास जागा मिळत नाही. पहिल्यांदा जाणाऱ्या जोडप्याने ब्लॅकवुड्सच घ्यावे. समुद्र तिथून पायी दहा मिनिटांवर आहे, मोफत बस दाराशी येते आणि कॅडिलॅक डोंगराची दक्षिणेकडची वाट शेजारूनच सुरू होते. प्रत्येक जागेत टेबल-बाक, शेकोटीचे लोखंडी कडे आणि गाडी लावायला जागा असते. नळाचे पाणी आणि फ्लशची शौचालये आहेत, अंघोळीची सोय मात्र नाही. त्यासाठी उद्यानाबाहेर पैसे मोजावे लागतात. रात्रीचे भाडे 30 डॉलरच्या आसपास पडते. त्याच रात्री बार हार्बरमधल्या हॉटेलच्या खोलीला याच्या कित्येक पट लागतात.

प्रवेशशुल्क वेगळे असते. एका मोटारीला सात दिवसांसाठी 35 डॉलर. 2026 पासून अमेरिकेत न राहणाऱ्या पाहुण्यांकडून अकेडियासह अकरा उद्यानांत माणशी 100 डॉलर जादा घेतले जातात. भारतातून येणाऱ्यांनी हा आकडा आधीच हिशेबात धरावा.

जागा मिळाली की दुसरे साधन हाती घ्यायचे ते म्हणजे भरती-ओहोटीचा तक्ता. इथे पाण्याच्या पातळीत तीन ते चार मीटरचा फरक पडतो. भरती आणि ओहोटी यांच्यात साधारण सहा तास बारा मिनिटे जातात आणि रोज या वेळा सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकतात. कोकणातल्या माणसाला यात नवे काही नाही. उधाण आणि भांग इथेही अमावास्या, पौर्णिमा आणि अष्टमीच्याच आगेमागे येतात. तरी तिथीवरून भरतीची वेळ काढण्याचे घरचे गणित इथे लावू नये, बार हार्बरचा छापील तक्ताच बघावा. कारण उद्यानातली दोन ठिकाणे सर्वस्वी या तक्त्यावर चालतात आणि त्यांच्या वेळा एकमेकींच्या उलट आहेत.

पहिले ठिकाण बार आयलंड. बार हार्बर गावातून समोरच्या या छोट्या बेटाकडे वाळू-गोट्यांचा एक पट्टा जातो. एरवी तो पाण्याखाली असतो. ओहोटीच्या आधी दीड तास आणि नंतर दीड तास तो उघडा पडतो, तेवढ्यात चालत जाऊन परत यायचे. उशीर झाला तर पुढच्या ओहोटीपर्यंत बेटावरच बसून राहावे लागते. पट्ट्यावर गाडी उभी करून फिरायला गेलेल्यांच्या गाड्या इथे बुडालेल्या आहेत. दुसरे ठिकाण थंडर होल, म्हणजे कड्यातली एक अरुंद घळ. आत शिरणारी लाट टोकाच्या पोकळीतली हवा दाबते आणि ती हवा सुटताना गडगडाट होतो. हा आवाज ऐकायचा तर पूर्ण भरतीच्या एक ते दोन तास आधी जावे. ओहोटीच्या वेळी गेलेल्याला नुसती खळखळ ऐकू येते आणि उद्यानाची कीर्ती खोटी वाटू लागते. समजा, ओहोटी सकाळी दहाला आहे. मग साडेआठ ते साडेअकरा बार आयलंड, जेवण गावात आणि दुपारी सव्वादोन ते सव्वातीन थंडर होल. कारण भरती सव्वाचारच्या सुमारास येणार. एका तक्त्यावरून असा अख्खा दिवस आपोआप आखला जातो. समुद्र खवळलेला असेल तर मात्र ही सगळी गणिते बाजूला ठेवून कठड्यापासून लांब राहावे. ऑगस्ट 2009 मध्ये दूर समुद्रातून जाणाऱ्या ‘बिल’ चक्रीवादळाच्या लाटा बघायला गर्दी जमली होती. एका लाटेने इथल्या खडकांवरच्या माणसांना खाली ओढले आणि त्यात एका लहान मुलीचा जीव गेला.

पोहण्याच्या कल्पनेने येणाऱ्यांची निराशा ठरलेली असते. सँड बीचवरची वाळू पाहण्यासारखी आहे, तिच्यात शिंपल्यांचा चुरा मोठ्या प्रमाणात आहे. पण भर उन्हाळ्यातही तिथले पाणी 13 अंश सेल्सिअसच्या वर क्वचितच जाते. अरबी समुद्राची सवय असलेला माणूस घोटाभर पाण्यातूनच मागे फिरतो. पोहायचेच असेल तर बेटाच्या पश्चिमेचे एको लेक बरे. जॉर्डन पाँडचे पाणी पिण्यासाठी जाते, त्यामुळे तिथे उतरायला मनाई आहे. त्या तळ्याकाठच्या जुन्या उपाहारगृहात चहाबरोबर पॉपओव्हर हा फुगलेला, आतून पोकळ पाव खाण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून चालत आली आहे.

कॅडिलॅक डोंगरावरचा सूर्योदय हे अकेडियाचे सर्वांत मोठे आकर्षण. उंची 1,530 फूट, म्हणजे महाराष्ट्राच्या हिशेबात किरकोळच. पण अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर याहून उंच डोंगर नाही. देशात सूर्य सर्वांत आधी इथे दिसतो ही ख्याती फक्त साधारण ऑक्टोबर ते मार्चच्या सुरुवातीपर्यंत खरी ठरते, उन्हाळ्यात तो मान दुसरीकडे जातो. माथ्यापर्यंत गाडी न्यायला मेअखेर ते ऑक्टोबर या काळात वेगळे आरक्षण लागते. सूर्योदयाचे वेगळे आणि दिवसाचे वेगळे, प्रत्येकी 6 डॉलर. यातली 30 टक्के तिकिटे 90 दिवस आधी सुटतात आणि उरलेली 70 टक्के दोन दिवस आधी सकाळी दहाला. तीन महिने आधी तिकीट काढणारा स्वतःला हुशार समजतो, पण या किनाऱ्यावर उन्हाळ्यात धुके इतके येते की त्याच्या नशिबी पांढरी भिंत येण्याची शक्यता मोठी. हवामानाचा अंदाज बघून दोन दिवस आधी तिकीट काढणे अधिक शहाणपणाचे. जूनअखेरीस सूर्य पाचच्याही आधी उगवतो, म्हणजे तंबूतून साडेतीनला उठावे लागते. हे तिकीट फक्त गाड्यांना लागते, पायी जाणाऱ्यांना नाही. ब्लॅकवुड्सजवळून निघणारी दक्षिण धारेची वाट एका बाजूने साडेतीन मैलांची आहे आणि निम्म्याहून अधिक उघड्या ग्रॅनाइटवरून जाते, समुद्र सतत पाठीशी ठेवून. दोघांच्या पायांत बळ असेल तर गाडीने जाण्याच्या भानगडीत पडू नये.

आता तंबू. बाजारात ‘दोन माणसांचा’ म्हणून मिळतो त्यात दोन माणसे मावतात, त्यांच्या पिशव्या मावत नाहीत. पावसाच्या दिवशी आत बसून राहायचे असेल तर तीन माणसांचा घ्यावा. खाली अंथरायचे प्लॅस्टिक तंबूच्या तळापेक्षा किंचित लहान असावे. बाहेर डोकावले तर त्यावर पडलेले पाणी थेट तंबूखाली येते. दिवसा हवा सुखद असली तरी रात्री पारा दहा-बारा अंशांपर्यंत उतरतो आणि धुक्याच्या ओलीने थंडी जास्त बोचते. स्लीपिंग बॅग घेताना तिच्यावरचे आकडे नीट वाचावेत. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे तिच्यावर दोन तापमाने असतात. एक ‘आरामा’चे, जे सरासरी स्त्रीला धरून ठरवतात. दुसरे ‘मर्यादे’चे, जे अंग आखडून झोपलेल्या सरासरी पुरुषाला धरून ठरवतात. जाहिरातीत बहुधा दुसराच आकडा मोठ्या अक्षरांत छापलेला असतो. दोघांसाठी एकसारख्या दोन बॅगा घेतल्यावर एकजण घोरतो आणि दुसरी रात्रभर कुडकुडते, त्याचे कारण बऱ्याचदा हे असते. अंगाखालची चटईही पांघरुणाइतकीच महत्त्वाची आहे, कारण वजनाने दबलेला खालचा भर ऊब धरत नाही. कपडे सुती नकोत. या हवेत एकदा भिजलेली जीन्स सहल संपेपर्यंत वाळत नाही.

शेकोटीचे लाकूड घरून नेऊ नये. लाकडातून झाडांना मारणारे किडे पसरतात, म्हणून मेनमध्ये परराज्यातले प्रक्रिया न केलेले जळाऊ लाकूड आणायलाच बंदी आहे. ते कॅम्पग्राउंडच्या आसपास विकत मिळते. शेगडीचा गॅसचा डबा विमानात चालत नाही, तोही तिथेच घ्यावा. स्वयंपाक दोन बर्नरवर होतो. पोहे, उपमा, खिचडी आणि कोरडे पीठ घालून पिठले एवढ्यावर चार दिवस निभतात. खाणे मात्र रात्री गाडीत बंद करून ठेवावे, फोडणीचा वास रॅकूनला अर्ध्या मैलावरून कळतो असे म्हटले तरी चालेल.

किड्यांचा हिशेबही तारखा ठरवतानाच करायचा. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत काळ्या चावऱ्या माश्यांचा जोर असतो, त्यानंतर डास. खरी काळजी गोचिडीची. इथली हरणावरची गोचीड लाइम नावाचा आजार पसरवते. फुल पँट मोज्यांत खोचावी, गवतातून चालू नये आणि रोज रात्री एकमेकांची मान, पाठ, गुडघ्यांमागची जागा तपासावी. हे काम एकट्याला नीट करता येत नाही.

फिरण्यासाठी गाडी रोज काढायची गरज पडत नाही. आयलंड एक्सप्लोरर ही मोफत बस 1999 पासून चालते, जूनच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत. सँड बीच आणि जॉर्डन पाँडचे वाहनतळ उन्हाळ्यात सकाळीच भरून जातात, तेव्हा बसमधून जाणाऱ्याला जागा शोधत फिरावे लागत नाही. कॅडिलॅकच्या माथ्यावर मात्र ती जात नाही. एक दिवस सायकलींसाठी राखावा. धनाढ्य जॉन डी. रॉकफेलर ज्युनियर यांनी मोटारींना मज्जाव असलेले, घोडागाड्यांसाठीचे खडीचे रस्ते 1913 ते 1940 या काळात बांधून घेतले. त्यांतले सुमारे 45 मैल उद्यानात आहेत आणि त्यांवरचे दगडी पूल प्रत्येकी वेगळ्या घडणीचे आहेत. लोखंडी कांबी धरून चढायची प्रेसिपिस ही वाट बहिरी ससाण्यांच्या विणीसाठी वसंतापासून साधारण ऑगस्टच्या मध्यापर्यंत बंद असते. तिच्यासाठीच जायचे असेल तर आधी चौकशी करावी.

चार रात्री पुरतात. त्यातला एक दिवस मोकळा सोडावा, कारण धुक्याचा किंवा पावसाचा एखादा दिवस निघतोच. तारखा निवडायची मोकळीक असेल तर सप्टेंबरचा पहिला सोमवार, म्हणजे अमेरिकेचा कामगार दिन, उलटून गेल्यावर जावे. शाळा उघडलेल्या असतात, माश्या संपलेल्या असतात, समुद्र त्याच्या मानाने सर्वांत उबदार असतो आणि बस अजून चालू असते. पानांचे रंग बघायला येणारी गर्दी ऑक्टोबरच्या सुरुवातीला पुन्हा वाढते आणि त्या महिन्याच्या मध्यावर ब्लॅकवुड्स हिवाळ्यासाठी बंद होते.