मूठ आणि पातें

खंडेनवमीस बारामती-इंदापुराकडील एखाद्या जुन्या वाड्यांत शस्त्रपूजा पाहावी. पाटावरची तलवार पुष्कळदां विटेच्या भुकटीनें घासून लख्ख केलेली असते. पूजकाची श्रद्धा खरी. परंतु त्या घासण्यासरशीं तलवारीचा इतिहासहि पुसला जातो, हें त्याच्या ध्यानीं येत नाहीं. ज्या इंदापुरीं शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे धारातीर्थीं पडले, त्या मुलखांत तरी असें होऊं नये, म्हणून, श्रोतेहो, हे चार शब्द.

मराठ्यांची तलवार अनेकदां दोन मुलखांची मिळून झालेली असे. युरोपांतून समुद्रमार्गें आलेलीं लांब, सरळ पातीं घेऊन येथील कारागीर त्यांस आपल्या पद्धतीची मूठ बसवीत. अशा तलवारीस ‘फिरंग’ म्हणत. नागपूरकर पहिले रघूजी भोसले यांच्या तलवारीवर त्यांच्या नांवासह हाच शब्द सोनेरी देवनागरी अक्षरांत आहे. महाराष्ट्र शासनानें ती २०२५ सालीं लंडनच्या लिलावांतून सुमारें ४७ लाख रुपयांस घेतली. तीं अक्षरें कोणी घासून काढलीं असतीं, तर ती कोणाची हें कोण सांगता?

जपानांतील संग्राहक याबाबत फार दक्ष असतात. तेथील मूठ बांबूच्या लहानशा खुंटीनें अडकविलेली असते. खुंटी काढली कीं मूठ, ‘त्सुबा’ नांवाची हातरक्षक तबकडी आणि पातें हीं सुटीं होतात. मुठींत दडणाऱ्या पात्याच्या शेपटावर पुष्कळदां लोहाराचें नांव कोरलेलें असतें. तेथला काळसर गंज ते काढीत नाहींत. त्यावरूनच वय ताडतां येतें. १८७६ सालीं सामुराईंस तलवार लावून फिरण्याची बंदी झाली, आणि पुष्कळ तबकड्या आपल्या पात्यांस दुरावून युरोपांत गेल्या. आतां त्यांची जोडी कोण जुळविणार?

आपल्याकडील मूठ बहुधा लाखेनें वा राळेनें पक्की बसविलेली असते. ती बदलली कीं पात्याचा येथील इतिहास तुटला. म्हणून मूठ उपटूं नये, गंज खरवडूं नये. मऊ, कोरड्या फडक्यानें पुसून तेलाचा अगदीं पातळ हात द्यावा. दमट म्यानांत पातें ठेवूं नये. तलवार कोणाकडून व कशी आली, हें वडीलधाऱ्यांस विचारून लिहून ठेवावें. शंभर वर्षांवरील अशी तलवार १९७२ च्या कायद्याप्रमाणें पुरावस्तु ठरते; ती खाजगी रीतीनें परदेशीं धाडतां येत नाहीं.

येत्या खंडेनवमीस वीट दूर ठेवावी, आणि हळदकुंकू पात्यावर न वाहतां पाटावर वाहावें. पूजेंत त्यानें कांहीं उणें पडणार नाहीं.