‘तांबा’चे नाव, चांदीचा भाव

चेस्टनट हे फळ आपल्या बाजारात फारसे दिसत नाही. उर्दूत त्याला शाहबलूत म्हणतात. काही लोक त्याला शिंगाडा समजतात, पण शिंगाडा तळ्यात होतो आणि हे मोठ्या झाडाला लागते. चव विचाराल तर फणसाची उकडलेली आठळी आठवा. तिच्याहून हे थोडे गोड. जपानी लोक याला ‘कुरी’ म्हणतात आणि त्यांच्याकडे सर्वांत नावाजलेला कुरी म्हणजे तांबा मुलखाचा. आपल्या कानाला हे नाव तांब्याचे वाटते, पण या मालाने गोळा केली ती चांदी. ती कशी, हे व्यापारी बंधूंनी ऐकण्यासारखे आहे.

तांबा हा क्योतो शहराला लागून असलेला जुना डोंगराळ प्रांत. आज त्याचा काही भाग क्योतो जिल्ह्यात तर काही ह्योगो जिल्ह्यात मोडतो. शरद ऋतूत तेथे सकाळी दाट धुके असते, दिवसा ऊन आणि रात्री गारठा. क्योतो ही राजधानी जवळ असल्याने येथील कुरी दरबारात जात असे, इ. स. ९२७ मध्ये पूर्ण झालेल्या ‘एंगिशिकी’ या सरकारी नियमग्रंथात त्याची नोंद आहे. म्हणजे या नावाची पत हजार वर्षांहून जुनी.

यातल्या एका प्रसिद्ध जातीचे नाव आहे ‘गिन्योसे’. अर्थ, चांदी गोळा करणारी. ही जात मूळची तांबाच्या शेजारच्या नोसे गावची. असे सांगतात की, अठराव्या शतकातल्या एका दुष्काळात बाकी पिके गेली, पण या झाडांना भरपूर फळ आले आणि ते विकून गावकऱ्यांच्या हाती चांदीच्या मोलाचा पैसा आला. तेच नाव मालाला चिकटले. १९४१ साली जपानमध्ये झाडाच्या कळीत गाठी करणारी एक बारीक गांधीलमाशी सापडली आणि पुढे तिने जुन्या जातींच्या बागाच्या बागा बसवल्या. गिन्योसे मात्र त्यातून तगली. मग १९५९ मध्ये सरकारी संशोधन केंद्राने ‘तानझावा’ आणि ‘त्सुकुबा’ या नव्या जाती दिल्या. आज मोसमाची सुरुवात सप्टेंबरच्या आरंभी तानझावाने होते आणि गिन्योसे सप्टेंबर संपता संपता बाजारात येते.

हे फळ झाडावरून तोडत नाहीत. पिकले की काटेरी कवच तडकते आणि सगळे आपोआप खाली पडते. काटे असे की उघडा हात लावायची सोय नाही. शेतकरी कवच बुटाखाली दाबतो आणि चिमट्याने आतले फळ काढतो. एका कवचात साधारण तीन. हे काम रोजच्या रोज करावे लागते. पडून राहिलेला माल उन्हाने वाळतो, वजन घटते, चकाकी जाते आणि रात्री रानडुकरे येतात ती वेगळीच. त्यातच हे वादळांचे दिवस. एका रात्रीच्या वाऱ्याने कच्चा माल जमिनीवर आला की वर्षभराची मेहनत गेली.

वेचल्यावर खरी परीक्षा सुरू होते. एल, टूएल, थ्रीएल अशी आकारानुसार प्रतवारी होते, आणि तांबाची कीर्ती मोठ्या दाण्यावरच उभी आहे. पण मोठ्या, चकचकीत दाण्यातही अळी असू शकते आणि वरून काहीच दिसत नाही. कापडाचा तागा निदान उलगडून बघता येतो, हा दाणा गिऱ्हाइकाच्या घरीच उघडतो. पूर्वी त्याला मिथाइल ब्रोमाइडची धुरी देत. त्या वायूने ओझोनच्या थराला धक्का बसतो म्हणून मॉन्ट्रियल करारानुसार तो टप्प्याटप्प्याने बंद झाला. आता एक उपाय असा की ५० अंशांच्या गरम पाण्यात माल अर्धा तास ठेवतात. पाणी जास्त तापले तर दाणा बिघडतो, कमी तापले तर अळी जगते. पुढे शून्य अंशाच्या आसपास महिनाभर ठेवला की आतल्या पिठाची साखर होते. घाईने विकणाऱ्याला ही गोडी मिळत नाही.

एक उणीव मात्र या मालात जन्मजात आहे. आतली तुरट साल दाण्याला घट्ट चिकटलेली असते. सोलता सोलता बाईमाणसांची बोटे दुखतात. चिनी कुरीची साल नखाने निघते आणि तो भाजून जपानच्याच बाजारात विकला जातो. यावर उत्तर म्हणून २००७ मध्ये ‘पोरोतान’ ही जात नोंदली गेली. तिला चीर देऊन तापवले की साल सुटते. पण दुसऱ्या जातीचा माल तिच्यात मिसळला की हा गुण दाखवता येत नाही, म्हणून ती वेगळी वेचावी व वेगळी विकावी लागते.

वजनाच्या हिशेबाने पाहिले तर तांबा फार मागे आहे. जपानचा सर्वाधिक कुरी इबाराकी जिल्ह्यात पिकतो. देशाचे एकूण उत्पादन १९७० च्या दशकाच्या अखेरीस साठ हजार टनांच्या वर होते, ते आज त्याच्या एक-तृतीयांशाहूनही कमी आहे. शेतकरी म्हातारे झाले, डोंगरावर वाकून वेचायला तरुण मिळत नाहीत. माल कमी, म्हणून नावाला भाव जास्त; आणि नावाला भाव, म्हणून नावावरून ओढाताण.

तीही झाली. २००४ मध्ये शेजारच्या काही गावांनी एकत्र येऊन आपल्या नव्या नगराचे नाव ‘तांबा’ ठेवले. लागूनच सासायामा नगर होते. तेथला कुरी आणि काळा सोयाबीन पिढ्यान्‌पिढ्या तांबाच्या नावाने विकला जाई. आता गिऱ्हाईक विचारू लागले, तांबा म्हणजे नेमके कोणते? तेथल्या शेतकऱ्यांनी आणि व्यापाऱ्यांनी आपल्या गावाचेच नाव बदलण्याची मागणी केली. नोव्हेंबर २०१८ मध्ये मतदान झाले. विरोधही बराच होता, कारण पाट्या, शिक्के, कागदपत्रे सगळे बदलण्याचा खर्च. तरी बहुमत मिळाले आणि १ मे २०१९ पासून ते नगर ‘तांबा-सासायामा’ झाले. आता दर सप्टेंबरात तेथून निघणाऱ्या पेट्यांवरचे गावाचे नाव आणि मालाचे नाव एकच असते.