रिपोर्टातली अरुंद शीर

"मानेतली शीर दबली आहे, मेंदूचं रक्त अडतंय, लवकर स्टेंट टाकून घ्या." हे वाक्य इतक्या जणांच्या तोंडून ऐकलं आहे की आता उत्तर देण्याआधी हात कपाळाला जातो. क्रम सहसा ठरलेला. कुणाला तरी डोकेदुखी असते, किंवा चक्कर. एमआरआय होतो. रिपोर्टाच्या तळाशी 'डावी इंटर्नल जुग्युलर व्हेन उजवीपेक्षा बारीक' किंवा 'पहिल्या मणक्यापाशी दाबलेली' असा शेरा असतो. डॉक्टर तो वाचून पुढे जातात. घरी मात्र एखादा हुशार भाचा तेवढीच ओळ उचलून मोबाइलवर शोधतो आणि रात्रीच्या जेवणापर्यंत सगळ्या नातेवाइकांना निदान कळलेलं असतं.

शेरा खरा असतो. त्यावरून काढलेला निष्कर्ष बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि तो का चुकतो हे जरा सावकाश पाहायला हवं.

मेंदूतून दर मिनिटाला साधारण पाऊण लिटर रक्त फिरतं. ते हृदयाकडे परत नेणाऱ्या मुख्य शिरा दोन, मानेच्या दोन्ही बाजूंना खोलवर. दोन्ही सारख्याच रुंद असाव्यात असा काही नियम नाही. बहुतेकांची उजवी मोठी असते. शिवाय शिरेला धमनीसारखी जाड, ताठ भिंत नसते. अग्निशमन दलाच्या कापडी होजसारखी ती रक्त आलं की फुगते, नाही तर चपटी पडते. आपण बसलो किंवा उभे राहिलो की या दोन्ही शिरा बऱ्याच अंशी आपोआप मिटतात आणि मेंदूतलं रक्त मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून खाली उतरतं. आडवे झालो की त्या पुन्हा उघडतात. मान वळवा, हनुवटी छातीला लावा, श्वास रोखून धरा, दरवेळी रुंदी बदलते. स्कॅनमध्ये दिसतं ते त्या काही मिनिटांचं, त्या एका स्थितीतलं चित्र.

गुरुत्वाकर्षणाचा यात किती वाटा असतो, हे 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावरच्या 11 अंतराळवीरांच्या मानेतल्या शिरा तपासल्या, तर 6 जणांत रक्त थबकलेलं किंवा उलटं वाहताना आढळलं. त्यांपैकी एकाच्या शिरेत चक्क गुठळी सापडली. इतका फरक केवळ वजनरहित अवस्थेत राहिल्याने पडला.

याहून ढळढळीत पुरावा जमिनीवरच आहे. तंबाखू आणि गुटख्याने तोंडाचा कर्करोग घराघरांत नेला, त्यामुळे मानेतल्या गाठी काढण्याची शस्त्रक्रिया आपल्याकडे अनेकांनी जवळून पाहिली असेल. अमेरिकी शल्यविशारद जॉर्ज क्राइल यांनी 1906 साली मांडलेल्या मूळ पद्धतीत त्या बाजूची जुग्युलर शीर गाठींसोबत कापूनच काढत. पुढची कित्येक दशकं हेच चालू होतं. आता शक्य असेल तिथे शीर वाचवतात, पण एका बाजूची पूर्ण गेली तरी बहुतेक रुग्णांचा मेंदू दुसऱ्या वाटेने काम भागवतो. दोन्ही एकाच वेळी काढल्या तर मात्र चेहरा सुजतो आणि मेंदूतला दाब वाढतो, म्हणून शल्यविशारद ते टाळतात. एक शीर नसलेली माणसं शेतात, बाजारात, कचेरीत वावरत असताना, एक शीर थोडी बारीक आहे म्हणून आपण झोप उडवून घ्यायची?

आता स्टेंटबद्दल. "हृदयात टाकतात ना, मग मानेत का नको?" हा प्रश्न वरवर रास्त वाटतो. या रस्त्याने जग एकदा जाऊन आलं आहे, आणि ते प्रकरण विस्मरणात गेलं याचाच मला जास्त राग येतो. इटलीतल्या फेरारा विद्यापीठातले रक्तवाहिन्यांचे शल्यविशारद पाओलो झांबोनी यांनी 2009 साली असं मांडलं की मल्टिपल स्क्लेरॉसिस या मज्जासंस्थेच्या आजारामागे मानेतल्या आणि छातीतल्या अरुंद शिरा असाव्यात. फुग्याने त्या रुंद केल्या तर रुग्ण सुधारतील. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता, त्यामुळे तळमळीबद्दल शंका घेण्याचं कारण नाही. बातमी पसरली, कॅनडात तर चळवळच उभी राहिली. आपल्या देशात उपचार मिळेना म्हणून रुग्ण पोलंड, कोस्टा रिका, मेक्सिकोला गेले. काही भारतातही आले.

मग मोजमाप झालं. लॅन्सेटने 2013 साली प्रसिद्ध केलेल्या कॅनडातल्या अभ्यासात रुग्ण, त्यांची भावंडं आणि नात्यातली नसलेली निरोगी माणसं अशा तीन गटांच्या शिरा तपासल्या. निम्म्याहून जास्त अरुंद झालेली शीर रुग्णांपैकी 74 टक्क्यांत सापडली. भावंडांत 66 टक्के. आणि निरोगी माणसांत? 70 टक्के! म्हणजे दहांतल्या सात धडधाकट माणसांच्या रिपोर्टात तोच शेरा निघाला असता. पुढे 2017 साली खुद्द झांबोनींच्या चमूने 115 रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष जाहीर केले. काहींच्या शिरा फुग्याने रुंद केल्या, काहींवर नुसता उपचाराचा देखावा केला. फायदा दिसला नाही, आणि हा उपचार या आजारात करू नये असं त्यांनीच लिहिलं. स्वतःच्या सिद्धान्ताविरुद्धचा निकाल छापायला लागणारा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. 'नस मोकळी करून देतो' अशा जाहिराती करणाऱ्यांकडून तेवढी अपेक्षा मी ठेवत नाही.

दरम्यान, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने 2012 सालीच सावध केलं होतं: या उपचारात मृत्यू, पक्षाघात, शिरेला इजा, गुठळ्या, आणि स्टेंट जागचा सुटून दुसरीकडे जाणं, असे प्रकार घडले आहेत. तो सुटतो यात नवल नाही. हृदयाकडे जाताना शिरा रुंद होत जातात. धमनीत सुटलेली वस्तू पुढे बारीक फांदीत अडकते, शिरेतली थेट हृदयात पोचू शकते.

मग शीर दबणं हा आजारच नाही का? आहे, आणि ज्यांना तो खरोखर असतो त्यांची वर्षानुवर्षं "टेन्शन घेऊ नका" एवढ्यावर बोळवण होते, हाही तितकाच मोठा अन्याय आहे. कानाखाली कवटीला एक सुईसारखं हाड असतं, स्टायलॉइड. लांबी साधारण अडीच सेंटिमीटर. ते जास्त लांब असेल किंवा भलत्या कोनात वळलं असेल, तर ते आणि मानेचा पहिला मणका यांच्या चिमटीत शीर सापडते. लांबलेल्या या हाडाच्या तक्रारी अमेरिकेतले कान-नाक-घसातज्ज्ञ वॉट ईगल यांनी 1937 साली नोंदवल्या होत्या. अशा रुग्णांना डोक्यात दाब जाणवतो, कानात नाडीच्या ठोक्यासोबत घुमणारा आवाज येतो, आडवं झाल्यावर किंवा मान एका बाजूला वळवल्यावर त्रास वाढतो.

अशा वेळी पहिली तपासणी कोणती? महागडा व्हेनोग्राम, म्हणजे शिरांचं खास चित्रण, नव्हे. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन बाहुली मोठी करायचे थेंब घालून पडदा तपासून घेणं. मेंदूतला दाब वाढला असेल तर दृष्टीच्या नसेच्या तोंडाशी सूज दिसते, आणि तशी सूज दुर्लक्षित राहिली तर नजर कायमची जाऊ शकते. दाब वाढण्याचं जास्त आढळणारं कारण मानेत नसतंच: वजन वाढलेल्या तरुण स्त्रियांमध्ये मेंदूतला दाब वाढण्याचा आजार विशेष दिसतो, मुरुमांवरच्या काही गोळ्यांनीही होतो, आणि वजन उतरवणं व ॲसिटाझोलामाइड यांनी बऱ्याच जणींना आराम पडतो. गरज पडली तर पाठीतून पाणी काढून दाब मोजतात. हे सगळं झाल्यावर, मान हेच कारण वाटलं, तर शिरेतून नळी घालून अरुंद जागेच्या वर आणि खाली दाब किती ते पाहतात. दोन्हीकडे सारखाच असेल तर चित्रात शीर कितीही चिमटलेली दिसो, तिला दोष देता येत नाही.

हाडानेच शीर दाबली असेल तर तिथे नुसता स्टेंट टाकून भागत नाही. हाड जागेवरच असतं, ते स्टेंटलाही चेपतं. म्हणून निवडक रुग्णांत स्टायलॉइडचा तुकडा काढतात, कधी मणक्याचं टोक घासतात. चेहऱ्याच्या किंवा खांद्याच्या नसेला इजा, पहिल्या घासाला जबड्यात कळ येणं, हे त्यातले धोके. या शस्त्रक्रियेचे आजवरचे अहवाल बहुतेक थोड्या-थोड्या रुग्णांचे आहेत, मोठी तुलनात्मक चाचणी हाताशी नाही. त्यामुळे मज्जाविकारतज्ज्ञ, कान-नाक-घसा आणि रक्तवाहिन्यांचे तज्ज्ञ यांचं एकमत होईपर्यंत सही करू नका. तोवर पलंगाची उशाकडची बाजू उंच करणं, बद्धकोष्ठ होऊ न देणं, श्वास रोखून वजन न उचलणं, मानेभोवती घट्ट काही न घालणं, याने काहींना बरं वाटतं. त्रास कधी आणि कोणत्या स्थितीत वाढतो, याची वही ठेवा. डॉक्टरांना तिचा उपयोग रिपोर्टांच्या जाड फाइलपेक्षा जास्त होतो.

बाकीचे समज थोडक्यात. हाताला मुंग्या येतात म्हणून शीर दबली? मुंग्या मज्जातंतू दबल्याने येतात, तो वेगळा विषय. गाताना किंवा ओरडताना मानेवर टरारून दिसते ती वरवरची शीर, त्यात काळजीचं काही नाही. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या मानेतली शीर फुगलेलीच राहिली तर मात्र हृदय तपासा. सलूनमध्ये मान कटकन मोडून घेतल्याने शीर मोकळी होत नाही, उलट मेंदूला रक्त पुरवणारी धमनी फाटून पक्षाघात झाल्याच्या नोंदी आहेत. तेल लावून शीर रुंद होत नाही. 'रक्त दाट झालंय' म्हणून मनानेच ॲस्पिरिन घेणं हा उपचार नव्हे. मानेचा पट्टा घट्ट बांधलात तर शिरेवरचा दाब वाढेलच. आणि बाळंतिणीचं पाणी तोडू नका: प्रसूतीनंतर मेंदूतल्या शिरांत गुठळी होण्याचा धोका तसाही वाढलेला असतो, शरीरातलं पाणी कमी पडलं की तो आणखी वाढतो.

अचानक नजर अंधुक झाली, आजवर कधी नव्हतं असं डोकं दुखलं, फिट आली, एका बाजूचा जोर गेला, किंवा चेहरा आणि हात सुजून छातीवर शिरा उमटल्या, तर दुसरं मत घेत बसू नका. त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठा.