खर्ड्याच्या फेरीचं तिकीट दीडशे, पण उरतं किती?

११ मार्च १७९५ ला मराठ्यांनी निजामाला हरवलं, ते आपल्या खर्ड्यात. समजा, या दिवशी गावच्या वाचनालयासाठी किल्ल्यापर्यंत पहाटफेरी काढली, तिकीट १५० रुपये.

मांडव, स्पीकर, फ्लेक्स, आचारी मिळून १८,००० रुपये. दहा जण येवोत की पाचशे, हे द्यायचेच. पोहे, चहा, बिल्ला हा खर्च मात्र माणशी, धरा ६०. म्हणजे तिकिटामागे हाती ९०. १८,००० भागिले ९०, २०० तिकिटांवर खर्च निघाला. निधी सुरू होतो २०१ व्या तिकिटापासून!

'आपलीच माणसं' म्हणून वीस फुकट पास वाटले, तर १,२०० चा नाश्ता अंगावर. आता २१४ तिकिटं खपवा. (पासवाले नेमके दोनदा पोहे घेतात.)

खरी गंमत पुढे आहे. पास सोडून द्या. एका आचाऱ्याला २५० माणसंच झेपतात असं धरलं, तर तिथे उरतात ४,५०० रुपये. २५१ वा आला की दुसरा आचारी, आणखी २,२५० रुपये. शिल्लक थेट २,३४० वर! पुन्हा ४,५०० व्हायला २७५ तिकिटं लागतात. म्हणून नोंदणी २५० ला थांबवा, नाहीतर तीनशेच्या पुढचीच तयारी ठेवा.