वेडाच्या भरात हातून गुन्हा घडला तर?

शेतकरी बंधूंनो, आपल्या खान्देशात कोणाचं डोकं फिरलं की आधी भगत, मग देवदर्शन, मग गंडेदोरे आणि सर्वात शेवटी डॉक्टर, असा क्रम असतो. तोवर दोन-चार वर्षे निघून जातात. त्या काळात तो माणूस मळ्यात एकटाच बडबडतो, रात्री झोपत नाही, बायको आपल्या जेवणात विष घालते असं म्हणतो. घरचे म्हणतात, बाहेरचं लागलंय. आणि एखाद्या दिवशी त्याच्या हातून विपरीत घडतं. मग सारा गाव पोलीस पाटलाकडे धावतो.

अशा वेळी हा माणूस खुनी की आजारी, हे कोण ठरवतं?

एक खटला सांगतो. १९९४ साली एका पोलीस शिपायाने भरदिवसा आपल्या बायकोला दगडाने ठेचून मारलं. सेशन कोर्टाने जन्मठेप दिली, हायकोर्टाने ती कायम केली. २००२ साली सुप्रीम कोर्टाने मात्र त्याला निर्दोष ठरवलं. का? कोर्टाने काय काय पाहिलं ते नीट वाचा. त्याच्या वडिलांनाही मनाचा आजार होता. तो स्वतः १९९२ पासून औषध घेत होता. संशयी स्किझोफ्रेनिया असं निदान होतं. घटनेनंतर २७ जून ते ५ डिसेंबर १९९४ या काळात त्याला २५ वेळा दवाखान्यात न्यावं लागलं. नोकरी सोडण्यास बायकोचा विरोध, एवढंच काय ते कारण, आणि ते खुनाला पुरेसं वाटत नव्हतं. शिवाय तो पळाला नाही, लपला नाही, काही दडवलं नाही.

यातल्या बऱ्याच गोष्टी कशावरून सिद्ध झाल्या? दवाखान्याच्या कागदांवरून. आपल्याकडे केसपेपर एक तर चुलीत जातो नाही तर पावसाळ्यात भिजतो. सातबारा जसा पेटीत ठेवता, तसा हा कागदही ठेवा.

कायदा जुनाच आहे. पूर्वी भारतीय दंड विधानाचे कलम ८४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे. गुन्हा करतेवेळी मनाच्या विकारामुळे आपण काय करतो किंवा ते चूक आहे, हे ज्याला कळतच नव्हतं, त्याला शिक्षा नाही. नुसता आजार आहे म्हणून सुटका होत नाही. 'त्या घडीला' काय अवस्था होती, ते दाखवावं लागतं. आणि हो, स्वतःहून ढोसलेली हातभट्टी यात बसत नाही! सुटला तरी तो लगेच घरी येतोच असं नाही. कोर्ट त्याला रुग्णालयात ठेवू शकतं किंवा नातेवाइकांच्या हमीवर सोपवू शकतं.

आरोपी भ्रमिष्ट वाटला तर मॅजिस्ट्रेट त्याला सिव्हिल सर्जनकडे पाठवतात आणि तिथून तो मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो. हे काम सोपं नाही. समोरचा सोंग करतोय की खरंच आजारी आहे? त्यासाठी वॉर्डात दिवसचे दिवस ठेवून त्याची झोप, खाणं, बोलणं पाहावं लागतं. चार लोकांसमोर सोंग जमतं, रात्री दोन वाजता ते टिकवणं कठीण. मग अहवाल लिहायचा, वकिलाच्या उलटतपासणीला तोंड द्यायचं. एम.डी.च्या तीन वर्षांत याची ओळख होते, सराव फार होत नाही. म्हणून बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत एम.डी.नंतर एक वर्षाची न्यायवैद्यक मानसोपचाराची फेलोशिप आहे. कोर्टाचे संदर्भ, तुरुंगातील रुग्ण, मृत्युपत्रावरचे वाद, हे सारे यात येते. असे शिकलेले डॉक्टर देशात मोजकेच. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही सरकारी मनोरुग्णालयांची जुनी ठिकाणं. आपल्या वाट्याला त्यातलं एकही नाही. धुळ्यात आणि २०१८ पासून जळगावातही सरकारी मेडिकल कॉलेज आहे. तिथल्या एखाद्या डॉक्टराला या शिक्षणासाठी पाठवावं, ही मागणी जिल्हा परिषदेत आणि आमदारांकडे कोणी लावून धरल्याचं आमच्या तरी कानावर नाही. रस्त्यासाठी मोर्चा निघतो, यासाठी का नको?

आता सरपंच आणि पोलीस पाटलांसाठी. गावात अनोळखी, फाटक्या कपड्यांतला, असंबद्ध बोलणारा माणूस फिरताना दिसला की पोरं दगड मारतात, मोठी माणसं संशय घेतात. १ जुलै २०१८ ला साक्री तालुक्यातील राईनपाड्याला काय झालं ते आपण विसरलेलो नाही. मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठार मारलं. ते वेडे नव्हते, भिक्षा मागून पोट भरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. जिथे बोलता येणाऱ्या माणसांचं कोणी ऐकलं नाही, तिथे ज्याला आपलं नावही सांगता येत नाही त्याचं काय होईल?

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने अशा माणसाची जबाबदारी ठाणेदारावर टाकली आहे. त्याला ताब्यात घ्यायचं, २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं, लॉकअपमध्ये ठेवायचं नाही. घरचे सापडत नसतील तर तशी नोंद करून शोध घ्यायचा. गुन्हा न केलेल्या मनोरुग्णाला तुरुंगात डांबणं बेकायदा आहे, असं सुप्रीम कोर्टाने १९९३ सालीच सांगितलं होतं; पत्रकार शीला बारसे यांनी ते प्रकरण नेलं होतं. गोठ्यात कोणाला साखळीने बांधून ठेवलं असेल तर कोणीही ठाण्यात कळवू शकतो. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणं, मारणं हा तर २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हाच आहे.

जमिनीचंही तसंच. भ्रमिष्ट अवस्थेत अंगठा घेऊन केलेलं खरेदीखत कोर्टात टिकत नाही. पण मधल्या काळात बरा असताना केलेला व्यवहार टिकू शकतो. इथेही प्रश्न 'त्या घडीचा' आणि इथेही साक्ष डॉक्टराची. भाऊबंदकीत एकाला वेडा ठरवून वाटणीतून उडवायचे प्रकार होतात, तिथेही हाच डॉक्टर त्या भावाच्या कामी येतो.

आणखी एक. घरात कोणी कीटकनाशक घेतलं की पोलिसांच्या भीतीने 'फवारताना नाकातोंडात गेलं' असं सांगायची रीत आहे. हे करू नका. याच कायद्याच्या कलम ११५ नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं. सरकारने त्याची काळजी घ्यावी, असं कायदा म्हणतो. डॉक्टरला खरं सांगा, औषधाचा डबा सोबत न्या. मन फार जड झालं असेल, तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर फुकट आहे, मराठीत बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून ठेवायला ग्रामसेवकांना खडूचा एक तुकडा पुरेल.