माहेरचं तिकीट काढण्याआधी

आजचा विषय ऐकून काही जणी म्हणतील, आमचा आणि परदेशाचा काय संबंध? पण आपापल्या गटातल्या घरांवर एकदा नजर फिरवा. कुणाची लेक, कुणाची भाची, कुणाची सून लग्नानंतर अमेरिकेला गेलेली आहे. म्हणूनच हल्ली बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले की हळूच एक प्रश्न येतो, "ताई, लेकीचं ग्रीन कार्ड अजून व्हायचंय. तोवर तिला धोंड्याच्या महिन्याला बोलावलं तर चालेल का?"

थोडक्यात उत्तर असं, की चालेल, पण परतीच्या परवानगीचा कागद हातात आल्यावर. तो कागद नसताना लेक विमानात बसली, तर बहुतेक वेळा तिचा अर्ज तिनं स्वतःच सोडून दिला असं तिथलं सरकार धरतं. मग नवऱ्याचं घर तिकडे आणि ही इकडे, अशी वेळ येते. हे का होतं आणि कसं टाळायचं, ते आज समजून घेऊ.

पावती म्हणजे मंजुरी नव्हे

ग्रीन कार्ड म्हणजे अमेरिकेत कायम राहण्याचा परवाना. नवरा तिथला नागरिक असेल किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर तो बायकोसाठी अर्ज करू शकतो. त्या अर्जाला आय-130 म्हणतात. बायको आधीपासून अमेरिकेत असेल आणि नियमात बसत असेल, तर तिथे राहूनच ती स्वतःचा दुसरा अर्ज भरते. त्याचा नंबर आय-485. नवऱ्याची कंपनी त्याचं ग्रीन कार्ड करत असेल, तर त्याची बायको म्हणूनही तिला हाच आय-485 भरावा लागतो. हे सगळं काम पाहणाऱ्या सरकारी खात्याला यूएससीआयएस म्हणतात.

अर्ज पोचला की खातं एक पावती पाठवतं. घोटाळा इथेच होतो. पावती आली, म्हणजे आता जायला-यायला हरकत नाही, असं घरच्यांना वाटतं. आपल्या गटाचंच बघा ना. कर्जाची फाईल बँकेत दिली की पोच मिळते. त्या पोचवर आपण म्हशीचा सौदा करत नाही, मंजुरीची वाट बघतो. इथेही तसंच आहे. पावती एवढंच सांगते, की तुमचा कागद आमच्याकडे आला. देशाबाहेर जाऊन परत येण्याची मुभा ती देत नाही.

आगाऊ परवानगीचा कागद

ही मुभा देणाऱ्या कागदाचं नाव ॲडव्हान्स पॅरोल. पॅरोल म्हटलं की आपल्याला तुरुंग आठवतो, पण इथे तसं काही नाही. ग्रीन कार्डचा अर्ज चालू असताना बाहेर जाऊन परत येण्याची आगाऊ परवानगी, एवढाच त्याचा अर्थ. त्यासाठी आय-131 नावाचा वेगळा अर्ज करावा लागतो. पूर्वी आय-485 बरोबर याची वेगळी फी लागत नसे. 1 एप्रिल 2024 पासून ती वेगळी भरावी लागते. म्हणून काही घरांत पैसे वाचवायला हा अर्ज मागे ठेवतात आणि अडचण आली की धावपळ होते. मूळ अर्जाबरोबरच हाही करून टाकलेला बरा, कारण मंजुरीला अनेक महिने लागू शकतात.

इथे तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा.

पहिली. आय-131 नुसता भरून चालत नाही, तो मंजूर होऊन कागद हातात यायला हवा. "मी निघते, कागद मागून येईल" हा हिशेब चुकतो.

दुसरी. त्या कागदावर मुदत छापलेली असते. मुदत संपायच्या आत परत पोचायचं. माहेरी मुक्काम वाढवण्याआधी ती तारीख बघायची.

तिसरी. कागद असला तरी विमानतळावरचा अधिकारी चौकशी करतो आणि आत घ्यायचं की नाही हे तोच ठरवतो. म्हणून मूळ कागद, पासपोर्ट, अर्जाची पावती आणि लग्नाच्या दाखल्याची प्रत हातातल्या पिशवीत ठेवायची. सामानाच्या मोठ्या बॅगेत टाकायची नाही.

कुणाला सूट आहे?

एच-1बी किंवा एल-1 या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांना, आणि त्यांच्या बायकोला किंवा नवऱ्याला मिळणाऱ्या एच-4 आणि एल-2 व्हिसावर असलेल्यांना, ॲडव्हान्स पॅरोलशिवायही जाऊन येता येतं. त्यानं आय-485 बाद होत नाही. आपल्याकडच्या बऱ्याच मुली एच-4 वर असतात, त्यामुळे हे माहीत हवं.

पण सुटीलाही अटी आहेत. नवऱ्याची ती नोकरी आणि तो दर्जा चालू असला पाहिजे. परत येताना पासपोर्टवर व्हिसाचा चालू शिक्का पाहिजे. शिक्क्याची मुदत संपली असेल तर भारतात येऊन वकिलातीची तारीख घ्यावी लागते आणि ती लवकर मिळेलच असं नाही. पंधरा दिवसांसाठी आलेली मुलगी तारखेअभावी काही महिने अडकू शकते. तेव्हा "शेजारणीची लेक जाऊन आली, मग आपली का नाही?" असं म्हणू नका. शेजारणीच्या लेकीचा व्हिसा वेगळा असू शकतो.

विद्यार्थी व्हिसावर किंवा फिरायच्या व्हिसावर गेलेल्या आणि तिथेच लग्न करून अर्ज भरलेल्या मुलीला ही सूट नाही. तिला ॲडव्हान्स पॅरोल लागतोच.

आणखी एक अवघड बाब. व्हिसाची मुदत संपल्यावर कुणी 180 दिवसांपेक्षा जास्त काळ परवान्याशिवाय तिथे राहिलं असेल, तर देश सोडल्यावर 3 वर्षं परत येण्याची बंदी लागू शकते. असा काळ 1 वर्ष किंवा त्याहून जास्त असेल, तर 10 वर्षं. ज्या घरात अशी शंका आहे, तिथल्या मुलीनं इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय पाऊल बाहेर टाकू नये. वकील म्हणजे खरा परवानाधारक वकील. "मी करून देतो" म्हणणारा एजंट नव्हे.

मुलगी अजून इकडेच असेल तर?

काही जणींची लेक लग्नानंतर अजून इकडेच आहे आणि जावयानं तिकडून अर्ज केला आहे. तिचा मार्ग वेगळा. तिची शेवटची मुलाखत मुंबईत, वांद्रे-कुर्ला संकुलातल्या अमेरिकन वकिलातीत होते. ती भारतात असल्यामुळे तिला ॲडव्हान्स पॅरोलचा प्रश्नच येत नाही. मधल्या काळात ती दुबईला बहिणीकडे जाऊन आली तरी त्यानं अर्ज बाद होत नाही. फक्त मुलाखत आणि वैद्यकीय तपासणीच्या तारखा चुकवायच्या नाहीत. "तोवर फिरायच्या व्हिसावर नवऱ्याकडे जाऊन ये" असा सल्ला मात्र जपून द्या. कायमचं राहण्याचा अर्ज चालू असताना "मी फक्त फिरायला जाते" हे अधिकाऱ्याला पटवणं अवघड असतं, आणि खोटं सांगितलं तर ते पुढे कायमचं नडतं.

अचानक निरोप आला तर

सण पुढे ढकलता येतो. आईला दवाखान्यात ठेवलं असेल तर लेकीला थांब म्हणवत नाही. अशा वेळेसाठी तातडीची सोय आहे. मुलीनं यूएससीआयएसला फोन करून जवळच्या कार्यालयात तातडीची भेट मागायची आणि पुरावा दाखवायचा. ॲडव्हान्स पॅरोल मिळेलच अशी हमी नाही, पण पुरावा चांगला असेल तर मार्ग निघू शकतो.

हा पुरावा गावातून आपणच पाठवायचा असतो. दवाखान्याच्या लेटरहेडवर इंग्रजीत पत्र घ्या. त्यात रुग्णाचं नाव, आजार, दाखल केल्याची तारीख, डॉक्टरची सही आणि शिक्का हवा. पत्रातलं नाव आधार कार्डावरच्या आणि मुलीच्या जन्मदाखल्यावरच्या नावाशी जुळायला हवं. एकीकडे "सुमन" आणि दुसरीकडे "सुमनबाई" असेल तर नातं सिद्ध करताना खोळंबा होतो. कागद मराठीत असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर, भाषांतर करणाऱ्याच्या सहीच्या दाखल्यासह जोडावं लागतं. ही नावं आजच तपासून घ्या. संकटाच्या दिवशी तलाठी किंवा ग्रामसेवक जागेवर असेलच असं नाही.

मुलगी इकडे असताना तिच्या तिकडच्या पत्त्यावर बोटांच्या ठशांची किंवा मुलाखतीची तारीख येऊ शकते. ती न कळवता चुकली तर अर्ज फेटाळला जाऊ शकतो. म्हणून मागे घरची टपाल पेटी बघणारं कुणीतरी हवं. आणि तिकीट काढताना शक्यतो थेट विमान घ्यावं. मध्ये दुसऱ्या देशात विमान बदलायचं असेल, तर त्या देशाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो का हे आधी विचारायचं. ॲडव्हान्स पॅरोलचा कागद सगळेच देश व्हिसासारखा मानत नाहीत.

जे बोलायला जड जातं

मैत्रिणींनो, बहुतेक जावई चांगलेच असतात. तरीही एक गोष्ट सांगायला हवी. "चल, महिनाभर माहेरी राहून ये" म्हणून बायकोला भारतात आणायचं, तिचा पासपोर्ट आणि कागद घेऊन एकट्यानं परत जायचं आणि मग फोन उचलायचा नाही, असे प्रकार घडतात. ज्या मुलीचा अर्ज अर्धवट आहे आणि परतीची परवानगी नाही, तिला असं अडकवणं सगळ्यात सोपं असतं. शिवाय आय-130 नवऱ्याचा असतो, तो मंजूर होण्याआधी नवरा मागे घेऊ शकतो.

म्हणून कागद कुठे आहेत हे मुलीला स्वतःला माहीत हवं. पासपोर्ट तिच्याजवळ हवा. प्रत्येक पावतीचा फोटो आईच्या किंवा भावाच्या मोबाईलमध्ये हवा. पावतीवर तीन इंग्रजी अक्षरं आणि दहा अंकांचा एक नंबर असतो. तो टाकून यूएससीआयएसच्या वेबसाइटवर अर्ज कुठवर आला ते कुणालाही बघता येतं. गॅस बुक करण्याचा नंबर जसा आपण भिंतीवर लिहून ठेवतो, तसा हा नंबर घरातल्या डायरीत लिहून ठेवा. लग्नाची नोंदणी करून दाखलाही घ्या. पत्रिका आणि फोटो म्हणजे दाखला नव्हे.

आणि कुणाच्या लेकीवर तशी वेळ आलीच, तर राष्ट्रीय महिला आयोगाचा अनिवासी भारतीयांच्या बायकांसाठी वेगळा कक्ष आहे, तिथे तक्रार करता येते. 181 या महिला हेल्पलाइनवर मदत मिळते. मुलगी तिकडे असून घरात मारहाण, छळ होत असेल, तर तिथला कायदाही तिच्या बाजूनं काही देतो. नवरा नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला असेल, तर छळ सोसणारी बायको त्याच्या सहीशिवाय स्वतःचा अर्ज करू शकते आणि सरकार ते नवऱ्याला कळवत नाही. हे ठाऊक नसल्यामुळे कितीतरी मुली "कार्ड होईपर्यंत सोस" या सल्ल्यावर दिवस काढतात. तो सल्ला आपण तरी देऊ नये.

फोनवर हे विचारा

यापुढे लेकीला "कधी येतेस?" असं विचारण्याआधी एवढं विचारा. तू आत्ता कोणत्या व्हिसावर आहेस? आय-131 भरलास का, आणि तो मंजूर झाला का? कागदाची मुदत कधीपर्यंत आहे? मुलाखतीचं किंवा ठशांचं पत्र यायचं बाकी आहे का? पासपोर्ट तुझ्याजवळ आहे ना? उत्तरात कुठे "बहुतेक" किंवा "यांना माहीत आहे" असं आलं, तर तिकीट थांबवा आणि वकिलाला विचारायला सांगा. नियम अधूनमधून बदलतात, म्हणून निघण्याच्या वेळचा नियम यूएससीआयएसच्या वेबसाइटवरच बघायचा.

मंगळागौर, दिवाळी, धोंड्याचा महिना, सगळ्याला लेक हवी असं आईला वाटणारच. पण तिच्या नावापुढे "आली नाही" असं एका सणाला लिहिलं गेलं तर काही बिघडत नाही. पुढच्या बैठकीत पंधरा मिनिटं या विषयाला द्या. ज्यांच्या लेकी-सुना तिकडे आहेत, त्यांनी आपापला पावती नंबर डायरीत उतरवला का, एवढं एकमेकींना विचारा.