विश्लेषण : फोटोंचा फोल्डर उघडताना कम्प्युटर का रखडतो?

घरात लग्न किंवा मुंज झाली की फोटोग्राफर पेनड्राइव्हवर दोन-तीन हजार फोटो आणून देतो. ते सगळे घरच्या कम्प्युटरवर एकाच फोल्डरमध्ये जातात. पुढे कधीतरी पाहुणे येतात, फोल्डर उघडला जातो आणि पडद्यावर ‘वर्किंग ऑन इट’ एवढेच दिसत राहते. चौकटी रिकाम्या, माउस अडकलेला, पाहुण्यांचा चहाही संपलेला. गंमत म्हणजे इंटरनेट, टॅली, वर्ड हे सगळे त्याच कम्प्युटरवर बरे चालत असते. दुरुस्तीवाल्याला विचारले, तर ‘रॅम वाढवा’ किंवा ‘फॉरमॅट मारू’ अशी दोनच उत्तरे मिळतात. बहुतेक वेळा दोन्हींची गरज नसते. आणि काही वेळा तर फॉरमॅट मारणे हीच सर्वात मोठी चूक ठरू शकते.

फोटोंच्याच फोल्डरला एवढा वेळ का?

फोल्डरमध्ये फोटोची जी छोटी प्रतिमा दिसते, तिला थंबनेल म्हणतात. ती विंडोजला तयार करावी लागते. १२ मेगापिक्सेलचा फोटो डिस्कवर तीन-चार एमबीचा असला, तरी तो उलगडल्यावर मेमरीत सुमारे ३६ एमबी जागा घेतो. तेवढा उलगडून मग तो बोटभर आकाराचा करायचा, असे काम प्रत्येक फोटोसाठी चालते. एकदा तयार झालेली थंबनेल विंडोज साठवून ठेवते. विंडोज एक्सपीमध्ये हा साठा त्या-त्या फोल्डरमध्ये ‘थंब्स डॉट डीबी’ नावाने असे. व्हिस्टापासून तो एका जागी ठेवला जातो. त्यामुळे पहिल्यांदा वेळ लागणे स्वाभाविक आहे. दुसऱ्यांदाही तितकाच लागत असेल, तर मात्र कुठेतरी पाणी मुरते आहे.

त्यातले एक कारण आपणच तयार करतो. कम्प्युटर ‘साफ’ करणारी ॲप्स आणि विंडोजचे स्वतःचे डिस्क क्लीनअप, दोन्हींत थंबनेल पुसण्याचा पर्याय असतो. दर आठवड्याला सफाई करणाऱ्यांचा कम्प्युटर दर आठवड्याला तीच थंबनेल नव्याने बनवत बसतो. प्रतिमा चुकीच्या किंवा काळ्या दिसू लागल्या, तर एकदा पुसणे योग्य. एरवी त्या खुणेला हात लावू नये.

दुसरे कारण सहसा लक्षात येत नाही. थंबनेल साधारणपणे पडद्यावर दिसणाऱ्या फोटोंचीच बनतात, पण फोल्डर ‘फोटो कधी काढला’ या तारखेनुसार लावलेला असेल, तर ती तारीख प्रत्येक फाइलच्या आत असते. म्हणजे यादी लावण्यापूर्वी तीन हजार फाइल उघडून पाहणे आले. जुन्या फिरत्या हार्ड डिस्कला एका फाइलपासून दुसरीपर्यंत पोहोचायला साधारण १०-१५ मिलिसेकंद लागतात. नुसते प्रत्येकीच्या दारात जाऊन यायचे म्हटले, तरी अर्धा-पाऊण मिनिट गेले. व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या पद्धतीने आलेल्या फोटोंत तर ही तारीख उरलेलीच नसते; त्यामुळे शोधून हाती काही लागतही नाही.

मग करायचे काय?

फोल्डरवर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मध्ये जा. तिथल्या ‘कस्टमाइझ’ टॅबमध्ये ‘ऑप्टिमाइझ धिस फोल्डर फॉर’समोर ‘पिक्चर्स’ असेल, तर ते ‘जनरल आयटम्स’ करा आणि मांडणी नावानुसार ठेवा. एवढ्यानेच बऱ्याच जणांचे काम भागते. एका फोल्डरमधले तीन हजार फोटो हळद, लग्न, स्वागत समारंभ असे वेगळे केले, तर शोधणेही सोपे होते.

फरक पडला नाही, तर ‘फोल्डर ऑप्शन्स’मधल्या ‘व्ह्यू’ टॅबमध्ये ‘ऑलवेज शो आयकॉन्स, नेव्हर थंबनेल्स’ या ओळीवर खूण करून पाहा. हा कायमचा उपाय नव्हे, तपासणी आहे. आता फोल्डर झटकन उघडला, तर दोष थंबनेलचा. अनेकदा एखादा अर्धवट कॉपी झालेला व्हिडिओ किंवा बिघडलेला फोटो सगळ्यांना अडवून बसलेला असतो. तो शोधायला निम्म्या फाइल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवा. ज्या निम्म्यात अडखळते, त्याचे पुन्हा दोन भाग करा. दहा-बारा फेऱ्यांत तीन हजारांतली एक फाइल सापडते. सापडल्यावर थंबनेल पुन्हा सुरू करायला विसरू नका.

आयफोनचे फोटो असतील, तर प्रश्न वेगळा. २०१७ पासून आयफोन ‘एचईआयसी’ प्रकारात फोटो साठवू शकतो. विंडोजला तो वाचता यावा म्हणून मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून ‘एचईआयएफ इमेज एक्स्टेन्शन्स’ घ्यावे लागते. आणि फाइलजवळ ढगाचे चिन्ह दिसत असेल, तर तो फोटो कम्प्युटरवर नाहीच, वनड्राइव्हवर आहे. तिथे वेग तुमच्या इंटरनेटचा. फोन केबलने जोडून थेट त्यातलेच फोटो चाळणे हाही फार संथ मार्ग आहे. आधी कॉपी करावेत, मग पाहावेत.

डिस्कच थकली असेल तर?

हे ओळखणे सर्वात महत्त्वाचे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही बटणे एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा, ‘परफॉर्मन्स’मध्ये डिस्क निवडा आणि मग फोटोंचा फोल्डर उघडा. डिस्क १०० टक्के व्यग्र, पण प्रत्यक्षात वाचले जाते सेकंदाला काही केबीच, आणि प्रतिसादाची वेळ शेकडो मिलिसेकंद, असे बराच वेळ दिसत राहिले तर सावध व्हा. ठरावीक फोटोंवरच कॉपी थांबणे, पेटीतून टकटक आवाज येणे ही त्याहून स्पष्ट लक्षणे. डिस्कचा काही भाग वाचेनासा झाला, की ती तोच भाग पुन्हा पुन्हा वाचू पाहते. आपल्याला तो नुसता संथपणा वाटतो.

अशा वेळी फॉरमॅट, डीफ्रॅग, ‘चेक डिस्क’ यातले काहीही करू नका. थकलेल्या डिस्कला यात सर्वाधिक पळावे लागते. आधी फोटो दुसऱ्या डिस्कवर घ्या. तेही जे पुन्हा मिळणार नाहीत ते सर्वात आधी. आजोबांचे शेवटचे फोटो आधी, महाबळेश्वरची सहल नंतर. एखादी फाइल अडली, तर ती सोडून पुढे जा. सगळे सुरक्षित झाले, की ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या मोफत प्रोग्रॅमने डिस्कची प्रकृती पाहा. तिथे ‘कॉशन’ दिसले, तर डिस्क बदलायचीच. ‘गुड’ दिसले, तरी वरची लक्षणे असतील तर फार विसंबू नये.

डिस्क धडधाकट पण फिरती असेल, तर खर्च रॅमपेक्षा एसएसडीवर करावा. त्यात फिरणारा भाग नसल्याने एका फाइलवरून दुसरीवर जाण्याचा वेळ जवळजवळ संपतो. दुरुस्तीवाल्याकडे कम्प्युटर देण्याआधी फोटोंची दुसरी प्रत घरी ठेवा, आणि ती होईपर्यंत फोटोग्राफरने दिलेल्या पेनड्राइव्हवर गाणी भरू नका.